खाडीपलीकडची सेंटर फॉरवर्ड

"बाई, आमी नऊच हाव."

प्रथमेशने हे तिसऱ्यांदा सांगितलं. मीही तिसऱ्यांदा मोजलं. मोजून माणसं वाढत नाहीत हे मला कळतं, तरी मोजलं. सव्वीस जानेवारीचा सामना आठवड्यावर आला होता आणि सड्यावर, भर उन्हात, माझा अख्खा संघ माझ्याकडे बघत उभा होता. मुली धरून नऊ.

मी रत्नागिरी तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या हायस्कूलमध्ये क्रीडाशिक्षिका आहे. मूळची कोल्हापूरची. आमच्याकडे पेठापेठांतून फुटबॉलवरून घरं दोन-दोन दिवस बोलायची बंद होतात, त्यामुळे इथे आले तेव्हा वाटलं होतं, कोकणात आता आपल्याला फक्त कबड्डी आणि कवायत. तर इथे फुटबॉल निघाला. तोही सड्यावर. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट रान. तिथे चेंडू गुडघ्याएवढा उडायचा तो छातीएवढा उडतो आणि जो पडतो तो कातडी ठेवूनच उठतो. माझ्या पर्समध्ये लिपस्टिक नसते, आयोडीन असतं.

दिवाळीपर्यंत माझ्याकडे बारा जण होते. मग जुळ्या भावांच्या वडिलांना नालासोपाऱ्यात खोली मिळाली आणि ते दोघांना घेऊन गेले. आमच्या शाळेचा पट असाच गळतो, एका खोलीमागे दोन मुलं. राहिला गोलकीपर. तो काजूच्या झाडावरून पडला. त्याचा हात प्लास्टरमध्ये. "बाई, एका हातानं अडवतो," असं तो म्हणाला. मी त्याला घरी पाठवलं.

आता नऊ जणांत खेळलो असतो तर काय बिघडलं असतं? फुटबॉलच्या नियमात सात जण असले तरी सामना होतो. पण आमच्या सामन्याचा नियम वेगळा. त्यासाठी फळीची गोष्ट सांगावी लागेल.

फार पूर्वी आमच्या गावचे तात्या बोटीवर खलाशी होते. परदेशच्या बंदरातून त्यांनी एक कातडी चेंडू आणला. तात्यांचं घर खाडीच्या अलीकडे, सासुरवाडी पलीकडे. त्यांनी दोन्ही गावच्या पोरांना सड्यावर आणून खेळायला शिकवलं आणि दर वर्षी सामना लावला. पुढे दोन्ही गावांत हायस्कुलं झाली आणि सामना शाळांचा झाला. कप आणायची ऐपत नव्हती, म्हणून तात्यांनी स्वतःच्या मोडलेल्या होडीची एक सागवानी फळी कापली आणि तिला तेल लावून बक्षीस म्हणून ठेवली. जिंकणाऱ्या शाळेचं नाव तिच्यावर रंगवायचं. तीच ही फळी. आणि तात्यांनी घालून दिलेला नियम असा, की ज्या शाळेची अकरा माणसं उभी राहणार नाहीत, तिनं फळी पलीकडे द्यायची आणि पुन्हा मागायची नाही. म्हणजे सामनाच बंद.

फळी बरीच वर्षं पलीकडे होती. गेल्या वर्षी आम्ही ती आणली. ऑफिसात कपाटावर लावली तेव्हा गावातली माणसं कामं टाकून बघायला आली होती. एकीनं तिला हळदकुंकू लावलं. शाळा पुढे किती वर्षं चालेल हे आमच्या गावात कोणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत आहे. पण फळी आहे तोवर शाळा आहे, असा काहीतरी हिशोब लोकांनी मनात केला होता. मीही केला होता.

मी हेडसरांकडे गेले.

"देऊन टाका," हेडसर म्हणाले. "उगाच ताण घेऊ नका. लाकूड आहे ते."

"सर, तुम्ही जाऊन गावात सांगाल?"

"मी कशाला? क्रीडा विभाग तुमच्याकडे आहे."

क्रीडा विभाग म्हणजे मी, तीन चेंडू आणि एक शिट्टी.

आता एकच माणूस राहिला, पलीकडच्या शाळेचे भाटकर सर. माझ्याहून वयाने मोठे, डोक्यावर कायम एक पांढरी टोपी, क्रिकेटच्या अंपायरसारखी. मुलांना ते जे शिकवतात ते मी कोल्हापुरातही फारसं बघितलेलं नाही. त्यांचं मुख्य हत्यार ऑफसाइड ट्रॅप. सोप्या भाषेत सांगते. आपला खेळाडू पास सुटायच्या क्षणी समोरच्या बचावफळीला ओलांडून गोलच्या बाजूला उभा असेल तर तो ऑफसाइड, गोल केला तरी फुकट. ट्रॅप म्हणजे समोरची बचावफळी पास सुटायच्या आधी सगळी मिळून चार पावलं पुढे सरकते आणि आपला खेळाडू न हलता गुन्हेगार ठरतो. हे एकदम, एका क्षणी करावं लागतं. एक जरी मागे राहिला तरी सगळं ओमफस. भाटकर सरांची मुलं एकदम सरकायची. इशारा कोण देतं, कसा देतं, मला कधी कळलं नव्हतं.

अडचण अशी होती, की भाटकर सर आणि मी वर्षभर बोलत नव्हतो. गेल्या वर्षी आमचा जो गोल झाला तो ऑफसाइड होता, असं त्यांचं म्हणणं. लाइनमन आमच्या शाळेचे क्लार्क होते आणि त्यांनी झेंडा वर केला नाही. "घाटावरून येऊन आम्हाला शिकवताव?" असं भाटकर सर चारचौघांत म्हणाले. मीही जे म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर आमचे निरोप तरवाल्याकडून जायचे. तर म्हणजे खाडीत माणसं ने-आण करणारी होडी. या वेळी निरोप पाठवण्यासारखा नव्हता, म्हणून मीच तरीत बसले.

भाटकर सर ओटीवर बसले होते. मला बघून त्यांनी टोपी सारखी केली.

"नऊ जणांत खेळू या," मी म्हटलं. "तुम्हीही नऊ उतरवा. फळी जिंकेल त्याची."

"तात्यांनी सांगितलान अकरा. म्हंजे अकरा."

"सर, मुलं मुंबईला गेली. मी काय पैदा करू?"

"ता माझा काम नाय. गेल्या वर्षी आमी झेंडा झेंडा म्हणून ओरडत होताव, तवा नियम कुठे गेलेला?"

मला भयंकर राग आला. पण चूक त्यांच्याकडे नव्हती ही खरी पंचाईत. मी उठले. तेवढ्यात आतून वहिनी कप घेऊन बाहेर आल्या. भाटकर सरांच्या पत्नी. त्यांचं माहेर आमच्याच गावात, हे मला माहीत होतं, पण त्याचा काही उपयोग असेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"आधी चाय घ्या बाई, मग काय ता बोला," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "अकरा माणसा ना? ऋतूचा आजोळ कुठला ता विसरलाव काय?"

"म्हंजे?"

"म्हंजे ती त्या गावची भाची. पालखी येते तवा मामाकडे नाचायला जाते, तवा कोण विचारता काय तू इकडची का तिकडची? मग खेळली तर काय झाला?"

"अगो, ती माझी सेंटर फॉरवर्ड हाय!"

"आधी भाची हाय."

ऋतू म्हणजे त्यांची मुलगी ऋतुजा, ती दारात उभी होती. दहावीची, सडपातळ, पळताना पाय दिसत नाहीत अशी. तीन वर्षांपूर्वी मी संघात मुली घेतल्या तेव्हा भाटकर सरांनी आकाशपाताळ एक केलं होतं, आणि पुढच्याच वर्षी आपल्या मुलीला पुढे उभं केलं होतं. सेंटर फॉरवर्ड म्हणजे गोल मारायची जबाबदारी जिच्यावर, ती. त्यांचे निम्मे गोल तिचेच. ती बापाकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

भाटकर सरांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता उठून आत जातील.

"ओंकारची आईपण तुमच्याच गावची," शेवटी ते म्हणाले. "बॅकला खेळतो. दोघांना न्या. माझे अकरा उरतात, तुमचे अकरा होतील."

"सर..."

"थांबा. एक अट. माझ्या पोरीला आमचा खेळ विचारायचा नाय. कोण कुठे उभा राहतो, इशारा काय, एक शब्द नाय."

"नाही विचारणार."

"कोल्हापूरची शपथ?"

"अंबाबाईची," मी म्हटलं. चहा फार गोड होता, तरी सगळा प्यायले.

हेडसरांना मी इतकंच सांगितलं, की अकरा झाले. गावात मात्र तरीच्या आधी बातमी पोचली. "भाचे येतायत" म्हणून लोकांनी सामन्याच्या सकाळी सड्यावरचं गवत पुन्हा एकदा कापलं. ऋतुजाच्या मामींनी तिला जुळ्यांपैकी एकाचा शर्ट आत टाके घालून दिला. दोन दिवसांच्या सरावात मी तिला काही विचारलं नाही. विचारावंसं फार वाटलं. प्रथमेशने विचारलं असावं, कारण एकदा ती त्याला म्हणाली, "पुन्हा बोललास तर मी तरीत बसेन."

तरी प्रश्न होताच. ती सांगणार नव्हती, पण विसरणार कशी? भाटकर सरांनाही ते कळत होतं. नंतर समजलं, की त्यांनी आदल्या दिवशी आपल्या मुलांना सांगितलं होतं, उद्या ट्रॅप नाही, इशारा नाही, सगळे आपापल्या जागी.

पंच म्हणून देवरूखचे एक शिक्षक आणले होते, कोणाचेच नातेवाईक नसलेले. झेंडावंदन झालं, भाषणं झाली, आणि सड्यावर दोन्ही गावं जमली. पहिला गोल त्यांचा. ओंकारने आपल्याच शाळेच्या पोराला अडवताना गुडघा फोडून घेतला, मी आयोडीन लावलं, तो उठून पुन्हा गेला. मध्यंतरानंतर आमचा गोल झाला, तोही कॉर्नरवरून, गोंधळात, कोणाच्या पायाला लागून ते नीट कळलं नाही. एक-एक. ऋतुजा तोपर्यंत बरी खेळत होती, पण नुसती बरी. तिचा पाय उचलत नाही असं मला वाटत होतं. मला तिचा रागही येत होता आणि कीवही. समोर रोजचे मित्र, रेषेबाहेर बाप.

मग ते घडलं. वेळ संपत आली होती, ऊन मी म्हणत होतं. प्रथमेशकडे मैदानाच्या मध्यात चेंडू आला. ऋतुजा पुढे, पास मिळाला की सुटणार अशी. आणि ती एकदम थांबली. नुसती थांबली नाही, मागे आली आणि प्रथमेशला हात वर केला.

"पळ की गं!" मी किंचाळले. माझं सगळं कोल्हापूर त्या ओरडण्यात बाहेर आलं.

ती पळाली नाही. तेवढ्यात त्यांचे बचावाचे चौघे एकदम पुढे सरकले, तिच्या बरोबरीने येऊन उभे राहिले, आणि त्यांच्या मागे गोलपर्यंत सगळा सडा मोकळा पडला. आता तिने हात खाली केला. प्रथमेशने चेंडू त्या मोकळ्या जागेत मारला आणि मग मात्र ती सुटली. देवरूखच्या सरांनी शिट्टी वाजवली नाही, कारण वाजवण्यासारखं काही नव्हतं. गोलकीपर एकटा. दोन-एक.

आमच्या गावाने तिला उचलून घेतलं. ती खाली उतरवा म्हणून हात झटकत होती आणि रडत होती. मी रेषेवर बघितलं. भाटकर सर उभे होते, टोपी हातात, टक्कल घामाने चमकत होतं.

संध्याकाळी धक्क्यावर तरीची वाट बघत आम्ही सगळे बसलो होतो. वर्षभरात पहिल्यांदाच भाटकर सर आपणहून माझ्याकडे आले. मी आधीच म्हटलं, "सर, मी तिला काही विचारलं नव्हतं."

"ता माहिती हाय." त्यांनी टोपी काढून मला दाखवली. "हाच इशारा. टोपी काढली की पुढे सरकायचा. पोरांना सांगितलेला, आज नाय. पण घाम पुसायला काढली मी. विसरलो. पोरा सवयीनं सरकली."

"आणि ऋतुजा?"

"ती पण सवयीनं थांबली." मग ते तिच्याकडे वळले. ती दूर, मामींजवळ बसली होती, बापाची नजर चुकवत. "अगो ये. तू टोपी बघितलीस, का त्यांचे पाय?"

"टोपी," ती म्हणाली. "तशी थांबले. मग पाय बघितले."

"बरोबर," भाटकर सर म्हणाले. "असाच करायचा."

एवढंच. तर धक्क्याला लागली. ऋतुजा आधी चढली आणि तिने बापाला हात दिला. मला तेव्हा भरून आलं; खाडीवर वारा असतो, डोळ्यांत पाणी यायला कारण लागत नाही, असं काहीतरी मी हेडसरांना सांगितलं.

फळीवर आमच्या शाळेचं नाव पुन्हा रंगवलं. पण हे इथे संपत नाही.

पुढच्या वर्षी जानेवारीत मी सड्यावर सराव घेत होते. या खेपेला माझ्याकडे बारा होते, गोलकीपरचाही हात बरा. तर लांबून चढणीवर पांढरी टोपी दिसली. भाटकर सर धापा टाकत वर आले आणि जांभ्यावर बसले.

"ऋतू रत्नागिरीला कॉलेजात. ओंकार मुंबईला मामाकडे, गॅरेजात. बाकीच्यांची पांगापांग," ते म्हणाले. "माझे दहा हायत. बाई, तुमच्याकडे आमचे भाचे किती?"

मी मोजलं. या वेळी मोजायला नको वाटत होतं. एकच होता. त्याची आई पलीकडची, तो माझा कॅप्टन.

"प्रथमेश," मी हाक मारली. "उद्यापासून तरीतून पलीकडे सरावाला जायचं."

"बाई?"

"तुझं आजोळ आहे ना तिकडे? मग."

मी भाटकर सरांना कसलीच अट घातली नाही. घालायला माझ्याकडे टोपी नव्हती.

प्रथमेशने आमच्यावर दोन गोल मारले. फळी आता पलीकडे आहे आणि तिच्यावर त्यांचं नाव आहे. सामना या जानेवारीतही आहे. इतकी वर्षं मी अकरा मुलांची काळजी घेत आले आणि तेवढीच माझी नोकरी आहे असं समजत होते. आता पावसाळा संपला की मी आधी तरवाल्याला विचारते, पलीकडच्या शाळेत या वर्षी किती मुलं उरलीत.