डाळीतली गोळी

"मॅडम, संदीपभाऊजींनी जेवण सोडलंय. फक्त बिस्किटं खातात, तीही पुडा स्वतः फोडून."

बदलापूर गावातून कविताचा फोन होता. संदीप तिचा धाकटा दीर. अंबरनाथ एमआयडीसीत लेथ मशीनवर टर्नर होता, आजारपणात काम सुटलं. उल्हासनगरच्या ज्या दवाखान्यात मी सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे, तिथे त्याच्यावर स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू होते. औषध डॉक्टर देतात. घरच्यांना आजार समजावणं, कसं वागायचं ते शिकवणं हे माझं काम.

शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात, असं संदीपला पूर्वी ठाम वाटायचं. याला डिल्यूजन म्हणतात. साधा संशय समजूत घातली की जातो, डिल्यूजन जात नाही. ते औषधाने बरंच कमी झालं होतं. मग जेवणाचं हे काय नवीन?

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "खातच नसेल तर ॲडमिट करावं लागेल."

"आधी घरी जाऊन बघते, सर."

"आजच जा."

संदीप ओट्यावर बसला होता. गालफडं आत गेलेली. त्याने माझ्याकडे बघितलं. भाऊ शिफ्टला गेलेला. आत कविता आणि तिच्या सासूबाई, म्हणजे संदीपची आई, होत्या. मी त्यांना मावशी म्हणते.

"गोळ्या कोण देतं?" मी विचारलं.

कविताने सासूकडे बघितलं.

"मीच देते," मावशी म्हणाल्या. "कुटून, डाळीत."

"त्याला माहितीये?"

"सांगितलं तर घेईल का? हातात दिली की थुंकायचा."

"आणि डाळ कडू लागते म्हणाला तर?"

"म्हणते, तुझ्या डोक्यातलं खूळ आहे ते."

असं कितीतरी घरांत चालतं. माणूस गोळी घेत नाही, आजार वाढतो, मग घरचे जमेल तो मार्ग काढतात. त्यात दुष्टपणा नसतो. मी सरळच सांगितलं, "मावशी, जेवणात कुणीतरी काहीतरी घालतंय असं त्याला वाटतं. आणि ते खरं आहे."

त्या कळवळल्या. "मी काय विष घातलं का लेकराला?"

"नाही. पण त्याला ते कसं कळणार? आता सांगून टाका. तो 'विष आहे' म्हणाला तर हो म्हणू नका, वाद घालू नका, वेडा आहेस असं तर अजिबात नको. तुला भीती वाटतेय हे मला कळतंय, एवढंच म्हणा."

"आणि घर सोडून गेला तर?"

तो धोका होताच. "म्हणूनच मी आहे तोवर सांगा," मी म्हटलं.

मावशी गोळ्यांची स्ट्रिप घेऊन बाहेर गेल्या. संदीपपासून जरा लांबच बसल्या. "बाळा, डाळीत मी ही गोळी घालत होते. दवाखान्याची. तुला न सांगता."

तो स्ट्रिप उलटसुलट करून बघत राहिला. मला वाटलं, आता भिरकावणार.

"म्हणजे कडू खरंच लागत होतं?"

"हो."

"मग खूळ का म्हणायचीस? मला वाटलं, आता जिभेवरही भरवसा राहिला नाही."

मावशी पदराने डोळे पुसत राहिल्या. मी विचारलं, "संदीप, तू गोळी का थुंकायचास?"

"हात थरथरायचे, मॅडम. लेथवर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, धरता येईना. सुपरवायझर ओरडायचा. घरी सांगितलं तर म्हणायचे, आधी गोळी घे."

हाताचा कंप हा त्या औषधाचा साइड इफेक्ट असू शकतो. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी त्याला बोलावलं, तपासलं आणि गोळी बदलली. ॲडमिट करावं लागलं नाही. सुरुवातीला तो केळी आणि उकडलेली अंडी खायचा, सालं-टरफलं स्वतः काढून. मग कविता त्याच्यासमोर त्याच पातेल्यातलं वाढून घेऊन आधी जेवायला लागली. हळूहळू भात आला, भाजी आली. डाळ मात्र तो अजून खात नाही. मावशीही आग्रह करत नाहीत.

आता तो गोळी स्वतःच्या हाताने घेतो. कधी चुकवतो, पण चुकवली तर सांगतो. शेजाऱ्यांबद्दलचा संशय पूर्ण गेलेला नाही, लेथवरची नोकरीही परत मिळालेली नाही.

पेशंट गोळी घेत नाही म्हणून नातेवाईक आले की मला विचारतात, "कशात घालून देऊ?" मी म्हणते, "का घेत नाही, ते त्याला विचारलंत का?" बहुतेकांनी विचारलेलं नसतं.