खिळे मारलेली खिडकी

बायको गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून माझं कपाट आवरलं. एकेक शर्ट ती नाकाशी धरायची, मगच घडी घालायची. माझी नोकरी सुटून वर्ष झालं होतं, तिची सवय सुटली नव्हती. ती सवय लावली मीच.

टेंभी नाक्याजवळ इमारतींचे नकाशे काढणारं एक हापिस होतं. तिथे मी नकाशांच्या प्रिंटा काढायचो, अमोनियाच्या उग्र वाफेवर. मशीन एवढ्याशा खोलीत, आणि कागद उडतात म्हणून साहेबाने खिडकीला खिळे मारलेले. डोळ्यांतून पाणी, सारखा खोकला. वर बायको विचारायची, "तुमी हापिसात जाता का मुतारी धुवायला?" ती कळव्याच्या खाडीवरची, बाजारात मासळी विकणारी. तिने माझ्या वासाला नावं ठेवावी!

लाजेपायी मी खोलीत उदबत्त्या लावायला लागलो. वास दबला की हवा सुधारली, एवढीच माझी अक्कल. नकाशांना मोगऱ्याचा वास यायला लागला. एक बिल्डर तर खूश होता, म्हणाला, तुमच्याकडे पूजा करून नकाशे देतात. खोकला मात्र वाढला. तरी मी तोंड उघडलं नाही. चौथी नापास माणसाला दुसरी नोकरी कोण देणार?

एकदा मी डबा घरी विसरलो, तो घेऊन ती हापिसात आली. मासळीची पाटी जिन्याखाली ठेवून वर आली, माझ्या खोलीत डोकावली आणि धूर नि अमोनिया दोन्ही एकदम तिच्या नाकात गेले. तिथून तडक साहेबासमोर.

"साहेब, मी दिसभर मासलीतच बसते. पन उघड्यावर बसते. ह्यांना का कोंडून ठेवलंय?"

नोकरी गेली म्हणून समजलो. साहेब म्हणाला, एवढं काही नसतं बाई. ती म्हणाली, मग एक प्रिंट तुमीच काढून दाखवा.

साहेब इरेला पेटून आत गेला. कागद अर्धा मशीनमध्ये सोडून बाहेर आला, नाक गळतंय, डोळे लाल. अख्खं हापिस माना खाली घालून हसत होतं. शेवटी तोही हसला आणि मला म्हणाला, उद्याच काढ ते खिळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पक्कड घेऊन तासभर आधीच गेलो. सगळे खिळे उपटले, गंजलेली खिडकी खांद्याने ढकलून उघडली आणि बाहेर डोकं काढून खालच्या चहावाल्याला ओरडून सांगितलं, एक कटिंग वर पाठव.