मॅडमलाही न ओळखणारं ॲप

आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये चहाला बसलं की आधी पेशंटचे किस्से निघायचे. आता फक्त ॲपचे निघतात! मी तिथला कॉम्प्युटरवाला, त्यामुळं निम्म्या किश्शांत शिव्या मलाच.

धाराशिवची मुख्य लॅब, येरमाळा आणि लोहाऱ्याची सेंटरं, सगळ्यांचा पासवर्ड एकच होता. कुणीही कुणाचाही रिपोर्ट उघडायचा. मग आम्ही नवं ॲप आणून 'झिरो ट्रस्ट' लावलं. म्हणजे माणूस कितीही ओळखीचा असो, दरवेळी ओळख पटवायची, फोन नोंदलेला पाहिजे, आणि कामापुरतंच दिसणार.

पहिला दणका मालकीणबाईंना, आमच्या डॉक्टर मॅडमना! त्यांनी फोन बदलला आणि ॲपनं दारच लावलं.

"अरे, लॅब माझी आहे!"

"मॅडम, ते ॲपला पटवून द्यावं लागतंय."

*

येरमाळ्याचे आप्पा म्हणजे आमचे सगळ्यात जुने टेक्निशियन. फोनवर तणतणले, "निम्म्या तालुक्याचं रक्त काढलंय म्या, अन् ह्यो मलाच इचारतोय तू कोण! कवाधरनं बोट ठिवतोय, वळखतच न्हाय!"

"आप्पा, हातमोजा काढलात का?"

पलीकडं रबर ओढल्याचा आवाज. मग हळूच, "झालं."

*

लोहाऱ्याला काउंटरवर शबाना असते. तिच्याकडं गावातले एक काका आले. घरात मुलाची सोयरीक जमत होती. "पोरीचा रिपोर्ट धाराशिवला झालाय. तेवढा बघून सांग, बेटा."

गाव लहान, नाही म्हणायची सोय नाही. शबानानं स्क्रीनच त्यांच्याकडं फिरवली. 'परवानगी नाही'! काका निघून गेले.

लगेच मला फोन, "सर, लई बरं वाटलं. खरं बोलून सुटले!"

*

आणि हा परवाचा. आप्पांनी मोबाइलवर आलेल्या कसल्याशा लिंकवर पासवर्ड भरून टाकला. घाबरून त्यांनीच कळवलं. एवढ्या लोकांचे रिपोर्ट! मॅडमना घेऊन तडक येरमाळा गाठलं.

तपासलं. चोरानं पासवर्ड बरोबर टाकला होता, पण त्याचा फोन नोंदलेला नव्हता. ॲपनं त्याला आत घेतलंच नव्हतं. एकही रिपोर्ट उघडला नव्हता!

मॅडम खुर्चीत बसल्या. "आप्पा, आता चहा सांगा."

तेवढ्यात आप्पांचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला. बाईचा आवाज, एकदम रुबाबात, "मी डॉक्टर मॅडम बोलतेय. सिस्टिम अडकलीय. तुमच्या ॲपवर नव्या फोनला 'मंजूर' दाबा, लवकर!"

आप्पांनी समोर बसलेल्या मॅडमकडं पाहिलं. मग अदबीनं म्हणाले, "व्हय मॅडम. जरा थांबा, मॅडमला इचारतो."

आणि फोन मॅडमच्या हातात दिला.

मॅडमनी घसा साफ केला. "हां, बोला मॅडम. मी कोण बोलतेय?"