ह्यांचे इंग्रजी प्रश्न

आमचे हे हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. स्वातंत्र्य मिळून तीनचार वर्षं झाली असतील. शाहूपुरीत एका दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. बाहेरच्या खोलीत सासूबाई ठाण मांडून बसलेल्या, आत चूल आणि मी. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्यानं बायकोशी बोलायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज होता आणि हे तो तंतोतंत पाळायचे. तहान लागली की भिंतीकडे बघून "पाणी" म्हणायचे. लग्नाला दोन वर्षं झाली, तरी माझ्या वाट्याला दिवसाकाठी चार शब्द यायचे: पाणी, चहा, टोपी, येतो. त्यातलं "येतो" खरं म्हणजे सासूबाईंना असायचं.

अशात ती आली. नेसरीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, मामाकडे राहून मॅट्रिकला बसलेली. इंग्रजीत अगदीच कच्ची, म्हणून शाळा सुटल्यावर रोज तासभर आमच्याकडे उजळणीला यायची. ह्यांनी पार पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. आणि काय ते एकेक प्रश्न! "व्हॉट डिड यू ईट टुडे?" "हाऊ इज युवर मदर?" "आर यू टायर्ड?" वर प्रत्येकाचा मराठीत अर्थ सांगायचे, तिच्याकडे बघून, सावकाश. आज काय खाल्लंस? आई कशी आहे? दमलीस का?

मी आत भाकरी थापत ऐकायची आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. पोरगी सरळ होती, ह्यांच्या मनातही काही नव्हतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी जळायची. तिला दमलीस का विचारणारा माणूस माझा नवरा होता, आणि मला ते दोन वर्षांत कुणीच विचारलं नव्हतं. ती आली की मी भांडी आपटायची. तिच्या चहात साखर कमी घालायची. ती बिचारी "लई झ्याक झालाय च्या, वैनी" म्हणत कप रिकामा करायची. मग तर मी आणखीच चिडायची.

पण कान काही झाकून ठेवता येत नाहीत. तीन महिन्यांत सगळे प्रश्न मला पाठ झाले. चुलीपुढे बसून मी मनातल्या मनात उत्तरं द्यायची. येस, आय अॅम टायर्ड. आय अॅम व्हेरी टायर्ड.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ह्यांनी तिला विचारलं, "व्हेअर डिड यू गो यस्टरडे?" ती अडली. ह्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं आणि आतून माझ्याच तोंडून निघून गेलं, "आय डिड नॉट गो एनीव्हेअर."

सासूबाई वाती वळत होत्या, त्यांचा हात थांबला. हे माझ्याकडे बघत राहिले. भरदिवसा, सरळ माझ्याकडे. मला वाटलं, आता पुढचा प्रश्न मला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी मी हलले नाही.

हे तिच्याकडे वळले. "बघ, चुलीपुढं बसणाऱ्यांना येतं आणि तुला येत नाही. लाज वाटू दे जरा."

ती रडत पाणी प्यायला आत आली. मी तांब्या पुढे केला. डोळे पुसत ती म्हणाली, "तुमचं बरं हाय, वैनी. सर घरातच असत्यात. कवाबी बोलाय मिळतंय तुमास्नी. आमाला एकच तास."

ती माझा हेवा करत होती. माझा! खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं, आणि तिचं रडूही थांबलं असतं. मी पदर सारखा केला.

"हो तर," मी म्हणाले, "दिवसभर बोलत असतो आम्ही."

आणि तिला खुशाल जळू दिलं.