भाऊजींची चांदी आणि अरवलीतली खाण

या, अशा जवळ बसा. एवढ्या लांबून जाऊन आले, पण कसं झालं म्हणून एकीनं तरी विचारलं का? आता मीच सांगते. फोन तेवढा पालथा ठेवा.

सांगोल्याकडं आमचे धाकटे दीर नामदेवभाऊजी विहीर खणत होते. खडकात पांढरा चकचकीत दगड लागला आणि त्यांनी मशीनवाल्याला काम थांबवायला लावलं. म्हणाले, "चांदी हाय." विहीर अर्धी आणि मेंढरं टँकरच्या पाण्यावर. जाऊबाईंनी शेवटचं सांगितलं, "चांदी चाटून मेंढरं जगत्यात व्हय? निकाल लावा, न्हायतर मी मेंढरं घिऊन म्हायेरी चालले." माझी लेक उदयपूरला असते. तिथून जवळ चांदीची आणि शिशाची जुनी, सोडून दिलेली खाण आहे. म्हटलं, चला भाऊजी, खरी चांदी दगडात कशी दिसते ते बघूनच येऊ.

सोलापूर स्टेशनवर पोलिसानं भाऊजींची पिशवी उचलली.

"यात काय आहे?"

"दगूड."

"कुठं नेताय?"

"राजस्थानला."

"आजोबा, लोक तिकडनं दगड आणतात."

मी म्हटलं, "जाऊ द्या हो, तपासायला चाललोय." पोलिसानं दगड सोडला आणि माझी शेंगाचटणी मात्र उघडून बघितली.

उदयपूरला लेकीनं बाटी (निखाऱ्यावर भाजलेला कणकेचा गोळा) वाढली. भाऊजींनी ती हातात तोलली आणि हळूच विचारलं, "वैनी, ही बी खाणीतलीच का?"

दुसऱ्या दिवशी जावयांचे मित्र आम्हाला खाणीवर घेऊन गेले. ते कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतात. डोंगराच्या कुशीत काळी भोकं, आणि तोंडाशी उभं राहिलं की आतून गार वारा. सर म्हणाले, हा डोंगर म्हणजे फार जुन्या समुद्राच्या तळाचा गाळ. दबून दगड झाला, त्यात शिसं बसलं आणि शिशाच्या पोटात चिमूटभर चांदी. आपलं सोलापूर लाव्ह्यावर बसलंय, तो लाव्हा या डोंगराच्या मानानं अगदी परवाचा. सुरुंग नव्हते तेव्हा माणसं खडकाशी लाकडं पेटवायची, तापला की तो तडकायचा. मग दगड वितळवून शिसं काढायचं, शिसं पुन्हा आगीत जिरवायचं, आणि मागं चांदीचा मणी राहायचा.

"केवढा?" मी विचारलं. सरांनी करंगळीचं नख दाखवलं.

भाऊजींनी आपला दगड पुढं केला. सर म्हणाले, "सुंदर आहे, पण चांदी नाही. लाव्ह्याच्या पोकळीतले स्फटिक आहेत." मग त्यांनी खाणीतला एक काळपट दगड भाऊजींच्या हातावर ठेवला. एवढा जड की हातच खाली गेला. "चांदी यात असते."

मला वाटलं, मिटलं. तर भाऊजी म्हणतात कसे, "काळ्या दगडात असती व्हय? मग आपल्या रानात बांधापासनं माळापतुर काळाच दगूड की."

मी कपाळाला हात लावला. सर बिचारे उन्हात बसून पुन्हा समजावत होते, आणि भाऊजी बोटांवर एकर मोजत होते.

उतरताना एका भोकात खाली पाणी दिसलं. मी विचारलं, "चांदी संपली म्हणून सोडली का हो ही?"

"नाही, खाली अजून होती. खणता खणता पाणी लागलं. उपसून दमले आणि गेले सोडून."

भाऊजी थांबले. "काय लागलं?"

"पाणी."

"उन्हाळ्यात आटतंय का?"

"नाही."

"आन पाणी लागलं म्हणून सोडली?"

"हो."

भाऊजींनी वाकून खाली पाण्याकडं बघितलं. मग म्हणाले, "लईच येडी माणसं."

परतीच्या गाडीत बसलो. कुर्डुवाडी गेल्यावर भाऊजी म्हणाले, "वैनी, मशीनवाल्याला फोन लावा."

माणूस एवढं लांब जाऊन काय बघून येईल, काही सांगता येत नाही. मी चांदी दाखवायला नेलं, आणि भाऊजी पाणी बघून आले.

विहिरीला पाणी लागलंय. जाऊबाई माहेरी गेल्या नाहीत, माहेरचीच माणसं पाणी बघायला येऊन चार दिवस राहिली. आता तुम्हीही या, ऊन चढायच्या आत या. जाऊबाई भाकरी टाकतील. पाणी मात्र भाऊजीच काढून देतील, दुसऱ्या कुणाला ते दोराला हात लावू देत नाहीत.