फायलीतला काका

उमरखेडच्या एसटी स्टँडवर मला सोडायला काका आला होता. आमच्या गावापासून, ढाणकीपासून त्यानं माझी बॅग मांडीवरून खाली ठेवली नव्हती. बाबा गेल्यावर आमचं तुरी-सोयाबीनचं शेत त्यानंच सांभाळलं, मला शिकवलंही त्यानंच. बस हलली तसा खिडकीशी येऊन म्हणाला, "बिनधास्त जाय. मायले मी पाह्यतो."

जर्मनीतलं कॉलेज मला झेपलं नाही. व्हिसा संपत आला तेव्हा एका एजंटानं आश्रयाचा अर्ज भरून दिला. जिवाला धोका कुणाकडून, ते लिहावंच लागतं म्हणाला. शेत कोण करतो, विचारलं. मी काकाचं नाव सांगितलं. त्यानं लिहिलं, काकानं जमीन बळकावली, आता जिवावर उठलाय. मी ते वाचलं आणि सही केली. वाचलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

गावाकडे तुम्हाला वाटतं, पोरगा मजेत आहे. माझा पासपोर्ट सरकारजमा आहे. जिल्ह्याबाहेर जायला परवानगी लागते. युद्धातून पळालेली माणसं लोंढ्यानं आली तेव्हा याच सरकारनं त्यांच्यासाठी हॉल उघडले, लोकांनी कपडे आणून दिले. पुढे कुरकुर सुरू झाली, निवडणुका आल्या, सीमेवर तपासणी बसली. खरे कोण, खोटे कोण, हे झटपट निवडायचं ठरलं. छावणीत माझ्या शेजारच्या खाटेवरच्या सिरियन माणसाचं घर खरंच पडलंय. तोही त्याच रांगेत ताटकळतो. मला त्याच्याकडे बघायची लाज वाटते.

घरी जायचं तर अर्ज मागे घ्यायचा, मग परत यायचं नाव नको. काकाला यातलं काही माहीत नव्हतं. एकदा फोनवर म्हणाला, "येऊन काहून नाही राह्यला रे? माह्यावर रागावला काय?" मी कामाचं निमित्त सांगून फोन ठेवला.

गेल्या महिन्यात काका गेला. त्याला मूलबाळ नाही, अग्नी मीच द्यायचा. येता येत नाही म्हटल्यावर माय म्हणाली, "तं आगीले कोणाले उभं करू, थेच सांग."

आश्रयाच्या अर्जावरची माझी मुलाखत नेमकी अकराव्या दिवशी होती. दहाव्याला डोकं भादरायला हवं होतं. पण दुभाषा आपल्याच देशातला, टक्कल पाहून कोण गेलं ते विचारणारच. मी केस ठेवले. सकाळी तेल लावून नीट भांगही पाडला.

मुलाखत घेणाऱ्या साहेबीणबाईंनी विचारलं, काकाकडून अजून धोका आहे का? तो गेला म्हटलं असतं तर धोका संपला असता आणि माझा अर्जही. मी म्हणालो, आहे. त्यांनी लिहून घेतलं.

घर आता कुठं, असं तुम्ही विचारता. काका गेला, असं जिथं मोठ्यानं म्हणता येईल, ते माझं घर. इथं तो जिवंत आहे, आणि माझ्या जिवावर उठलेला आहे.