राजमअक्कांच्या वीणेवरचं शिंग

तंजावूरच्या दक्षिण वीथीत चिदंबररावांकडे वाद्य दुरुस्तीला दिलंत, की परत नेताना त्यासोबत एक कागदी पुडी हातात पडते. आत काय, तर तुटकी तार, झिजलेली खुंटी, खरवडून काढलेलं मेण. लोक हसतात, हा कचरा घेऊन काय करू म्हणतात. चिदंबरराव मान खाली घालून म्हणतात, तुमचं आहे, न्या. म्हाताऱ्याला चळ लागलाय म्हणणारे म्हणोत बापडे. खरं सांगायचं तर त्या पुडीमागे एक चोरी आहे.

साल चौऱ्याण्णव. गल्लीगल्लीत केबल आली होती आणि वीणा शिकणाऱ्या मुली कीबोर्डच्या क्लासला जाऊ लागल्या होत्या. चिदंबररावांच्या घराण्यात सगळे मास्तर नाहीतर कारकून. हे एकटेच एका तमिळ आसारींच्या, म्हणजे वाद्यं घडवणाऱ्या सुतारांच्या, हाताखाली बसून वीणा दुरुस्त करायला शिकले. हात चांगला होता यात वादच नाही. पण त्या हाताचा गर्व हातापेक्षा मोठा होता, आणि घात त्यानंच केला.

एका गुरुवारी सकाळी मुरलीकृष्ण इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. लग्नकार्यात सिनेमाची गाणी वाजवणाऱ्या पार्टीतला हा वादक. मेव्हण्यानं त्याला सिंगापूरच्या हॉटेलात काम लावून दिलं होतं आणि संध्याकाळच्या गाडीनं तो निघणार होता. गिटारच्या मानेच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे, एक बारीक पट्टी असते. सहाही तारा तिच्या खाचांतून जातात. तिला नट म्हणतात. तो प्लास्टिकचा नट तडकला होता. मामा, कसलाही बसवा, प्लास्टिकचा चालेल, असं बिचारा म्हणाला होता.

पण ऐकतील तर ते चिदंबरराव कसले! प्लास्टिकवर सूर नुसता बसतो, म्हणाले, मी तुला उभा करून देतो. हाड उत्तम, पण ज्या खोलीत सरस्वतीपूजेला वीणा मांडायची तिथे हाड आणायचं नाही, हा त्यांचा नेम. हरणाचं आपोआप गळून पडलेलं शिंग मात्र चालतं, त्याच्यासाठी कुणाचा जीव गेलेला नसतो. आसारींच्या जुन्या डब्यात तसा एकच तुकडा उरला होता. त्यांनी जुना नट हलकेच ठोकून काढला, सरस खरवडला, तुकडा घासून खोबणीत घट्ट बसवला आणि खाचा पाडायला घेतल्या. इथे वीणेची सवय नडली. वीणेत खाच जरा खोल गेली तर बिघडत नाही, पडदे मेणावर बसवलेले असतात, मेण ऊन करून पडदा खाली घेता येतो. गिटारचे पडदे लाकडात ठोकलेले. तारा चढवून छेडल्या तर पहिल्याच पडद्यावर खरखर. तुकडा वाया गेला.

आता प्लास्टिक घालून मोकळं व्हायचं की नाही? पण मुरलीसमोर चार शब्द जास्त बोलून बसले होते. त्यांची नजर कोपऱ्यातल्या वीणेवर गेली.

ती तिरुवैयारुच्या राजमअक्कांची. अक्कांची बोटं आखडली तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षं, ती दुरुस्तीच्या नावाखाली तिथेच पडून होती. अक्कांच्या आईची वीणा. तिच्या मानेवरची पट्टी शिंगाची होती, आणि दोन पिढ्यांच्या तारांनी तिच्यात चार खाचा पाडल्या होत्या. अक्का आता कुठल्या यायला, असं मनाशी म्हणत चिदंबररावांनी ती काढली. कामाक्षी, त्यांची बायको, फिल्टर कापी घेऊन आली तेव्हा त्यांनी ती मुठीत लपवली. म्हणजे आपण काय करतोय ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. मग कानस घेतली आणि त्या चार खाचा घासून सपाट केल्या. या खेपेला सहा नव्या खाचा पाडताना मात्र हात जपून चालला. एकेक तार तिसऱ्या पडद्यावर दाबायची, पहिल्या पडद्यावर केसाएवढी फट राहते ना ते बघायचं, मग पुढे. मुरलीनं गिटार छेडली आणि तो त्यांच्या पायाच पडला. गिटार सिंगापूरला गेली. वीणेवर चिदंबररावांनी पांढऱ्या प्लास्टिकची पट्टी बसवली, चहाच्या पाण्यात रंगवून.

दोनच महिन्यांत अक्कांच्या नातीचा, हरिप्रियाचा, निरोप आला. नवरात्रात आजीला वीणा घरी हवी आहे. वीणा मांडीवर घेऊन चिदंबरराव टाऊन बसनं तिरुवैयारुला गेले.

अक्का चटईवर बसल्या होत्या. वीणा समोर ठेवल्यावर त्यांनी त्यांच्या जुन्या रीतीप्रमाणे मानेवरच्या पट्टीला बोट टेकवलं. आईची बोटं जिथे तार बसवायची तिथे टेकवायचं आणि मग ते बोट डोळ्यांना लावायचं, अशी ती रीत. बोट पट्टीवर जरा थांबलं. एकदा पुढे गेलं, एकदा मागे आलं. मग त्यांनी ते डोळ्यांना लावलं, लाकूड छान चमकतंय म्हणाल्या आणि हरिप्रियाला कापी करायला पाठवलं.

चिदंबरराव कापी प्यायले, नमस्कार करून निघाले. तिण्णैपर्यंत, म्हणजे बाहेरच्या ओट्यापर्यंत, गेले. चप्पल पायात सरकेना. परत आत आले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, चहाच्या पाण्यासकट.

अक्कांनी ऐकून घेतलं. "बोट टेकवलं तेव्हाच कळलं," त्या म्हणाल्या. "वाजतं का ते त्या गिटारवर चांगलं?"

"फार चांगलं वाजतं, अक्का," ते म्हणाले, आणि हेच खरं असल्याची त्यांना सर्वांत जास्त लाज वाटली.

"विचारलं असतंस तर मीच काढून दिलं असतं, चिदंबरा. माझी बोटं गेली, ते तरी वाजलं असतं. आईचं शिंग मी दिलं, असं म्हणता आलं असतं मला." त्यांनी आपला पदर वीणेवर पांघरला. "आता ते मी दिलेलं नाही. तू नेलेलं आहे."